कलम चौदा आणि तेवीस वाचक

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी नऊ वाजता मी ग्रंथालयाचा तिमाही अहवाल प्रशासनाच्या ऑफिसात नेऊन दिला. अहवालाला एका पुस्तकाच्या कार्डाची झेरॉक्स जोडली होती. अकरा वाजता मॅनेजरांनी मला बोलावलं. तीन महिन्यांनी ओडेसा बहरीन सोडून गेली.

ओडेसा माझी वरिष्ठ. गेल्या वर्षी ती वारली. तिच्या भाचीचं चार ओळींचं पत्र आलं, त्यातली एक ओळ हवामानाबद्दल होती. त्यानंतर लगेचच या अंकाच्या संपादकांचा फोन आला, परदेशातल्या नोकरीतल्या काही गमतीजमती लिहाल का म्हणून. मी हो म्हटलं आणि सात महिने एक पानही लिहिलं नाही. मी सावकाश लिहिते हे एक कारण. दुसरं असं की त्या नोकरीतली प्रत्येक गंमत ओडेसापाशी जाऊन थांबते आणि मग शोकलेख व्हायला लागतो. ओडेसाला शोकसभांचा तिटकारा होता. ती म्हणायची, "मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून सगळे इतकं चांगलं बोलतात." तेव्हा तिच्याबद्दल जमेल तेवढं वाईट बोलते.

ती 'खाण्यास मनाई' या पाटीखाली बसून रोज सँडविच खायची. पाटी तिनंच लावली होती. कोणी कादंबरी न्यायला आला की त्याला शेवट सांगून टाकायची, म्हणजे तो दोन दिवसांत परत आणेल. माझं नाव विजया. अडीच वर्षांत ते तिला एकदाही नीट उच्चारता आलं नाही, आणि तिनं प्रयत्न केला असावा असंही मला वाटत नाही.

आमची कंपनी अमेरिकन होती. जहाजांचे आणि तेलाचे पंप दुरुस्त करायची. तिचं नाव देत नाही. अदलिया भागात दोन बसके व्हिले भाड्यानं घेऊन एकात ऑफिस आणि दुसऱ्यात तंत्रज्ञांचं प्रशिक्षण केंद्र चालवलं होतं. केंद्राच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे ग्रंथालय. मी पुण्याहून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नवऱ्यामागून बहरीनला आले होते. तो बँकेत हिशेबनीस. मुलगे शाळेत जायला लागल्यावर मी ही नोकरी धरली.

ज्यांनी जुनी ग्रंथालयं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी हे काम कसं चालायचं ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा चिकटवलेला असतो. खिशात त्या पुस्तकाचं कार्ड. पुस्तक नेणारा कार्डावर सही करतो, तारीख घालतो. कार्ड आमच्याकडे राहतं, पुस्तक त्याच्याकडे जातं. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा खिशात. म्हणजे कुठलंही पुस्तक उघडून कार्ड काढलं की ते आजवर कोणी कोणी नेलं याची सह्यांसकट यादी मिळते. त्या यादीकडे कोणी बघत नाही. मी बघायची. मला त्यात कादंबरीपेक्षा जास्त गोडी होती. टेक्सासचा एक आडदांड इंजिनिअर बागकामाची पुस्तकं न्यायचा आणि सही इतकी बारीक करायचा की भिंगाशिवाय वाचता येऊ नये. आमचा बहरीनी ड्रायव्हर अब्बास दर गुरुवारी नकाशांचं पुस्तक न्यायचा. "अब्बास, बहरीन तर त्यात एवढंसं आहे," मी एकदा म्हटलं. "मदाम, बहरीन मला पाठ आहे," तो म्हणाला. "बाकीचं बघतो."

तंत्रज्ञ मात्र कुस्तीची मासिकं सोडून कशाला हात लावत नसत.

कंपनीत करार दोन प्रकारचे होते. अमेरिकन आणि इंग्रज माणसांचा तो मायदेशी करार. त्यात घर, फर्निचर, वर्षाला विमानाचं तिकीट. आम्ही बाकीचे, म्हणजे भारतीय, फिलिपिनो, श्रीलंकेचे, स्थानिक करारावर. माझ्याएवढंच शिकलेली, माझ्याशेजारच्या टेबलावर बसणारी बाई व्हिल्यात राहायची आणि मी झिंजमधल्या दोन खोल्यांत, याचं मला वैषम्य वाटत नसे. वाटून घेतलं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

ओडेसा मायदेशी करारावर होती. आणि ओडेसा काळी होती. अमेरिकेच्या दक्षिणेत तिचा जन्म. तिच्या लहानपणी तिच्या गावात काळ्यांनी बसमध्ये मागं बसायचं, नळावर वेगळं पाणी प्यायचं आणि ग्रंथालयात मुळी जायचंच नाही, असा कायदा होता. ती ग्रंथपाल झाली ती बहुधा राग म्हणून. तिच्या देशातली जी रेघ जन्मभर तिच्या डोक्यावर होती, ती बहरीनच्या विमानतळावर उतरताच तिच्या पायाखाली आली. याकडे तिचं दोन वर्षं लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं झुबेदामुळे.

झुबेदा आमची टेलिफोन ऑपरेटर. दापोलीकडची. मॅनेजरांच्या खोलीबाहेर उंच लाकडी काउंटर होता, त्यामागे ती बोर्डावर बसायची. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त डोक्यावरची ओढणी आणि हेडफोन दिसे. आवाज मात्र असा, की एकदा एका जहाजाच्या कप्तानानं केवळ तिचा आवाज ऐकायला दुसऱ्यांदा फोन केला होता. ती त्याला म्हणाली, "सर, राँग नंबर," आणि लाइन तोडली.

जानेवारीतल्या एका दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयात आली.

"काय देऊ? नवं मासिक आलंय."

"मासिक नको, विजूताई. दार लावा आधी."

मी दार लावलं. तिनं खुर्ची ओढली, बसली, आणि म्हणाली, "तिसरा लागला."

मी अभिनंदन केलं. माझं डोकं असल्या बाबतीत उशिरा चालतं.

"अभिनंदन कसलं करताय? कलम चौदा विसरलात?"

कलम चौदा आमच्या स्थानिक करारात होतं. मायदेशी करारात नव्हतं. शब्द मला अजून पाठ आहेत: महिला कर्मचारी गर्भवती असल्याचं व्यवस्थापनाच्या निदर्शनास आल्यास तिची सेवा त्या महिन्याअखेर संपुष्टात येईल. इथल्या कायद्यात बाळंतपणाची रजा होती. हे कलम कंपनीनं आपल्या अकलेनं घातलं होतं, आणि विचारायला कोणी गेलं नव्हतं.

झुबेदाचा नवरा सलीम जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डर. त्याचा पगार इतका नव्हता की त्याला बायकोचा व्हिसा काढता येईल. तो त्याच्या कंपनीच्या कॅम्पात दहा माणसांच्या खोलीत राहायचा, ते झुबेदाला आमच्याकडे नोकरी लागेपर्यंत. तिच्या व्हिसावर आणि तिच्या घरभाड्यावर हूरा वस्तीतली एक खोली उभी होती, आणि त्या खोलीत त्यांचा चार वर्षांचा संसार.

"नोकरी गेली की व्हिसा गेला," ती म्हणाली. "मी दापोलीला, ते कॅम्पात. पोर बापाला फोटोत बघणार. काउंटरमागं बसून मी सहा महिने काढीन, विजूताई. पण सातव्यात काय करू? काउंटर वाढवून घेऊ?"

आतल्या खोलीतून ओडेसा बाहेर आली. आमचं बोलणं मराठीत चाललं होतं, पण रडं कळायला भाषा लागत नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिनं सँडविच खाली ठेवलं. ती सँडविच खाली ठेवते हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"यावर तू सही केलीस?" तिनं मला विचारलं.

"सगळ्यांनीच केली."

"वाचून?"

"मी ग्रंथपाल आहे. वाचून."

"मग?"

"माझी मुलं तेव्हा झालेली होती," मी म्हटलं.

हे वाक्य मी आजवर आणखी कुणाला सांगितलेलं नाही. ओडेसानं सँडविच कागदात गुंडाळलं आणि डब्यात परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती एक जाड पुस्तक घेऊन आली. तिच्या स्वतःच्या कपाटातलं, काठावर चहाचे डाग पडलेलं. अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी संघटना कशा बांधल्या, त्याचा इतिहास. ते तिनं ग्रंथालयाला भेट दिलं, मी रजिस्टरात नोंदवलं, 'देणगी' या रकान्यात तिचं नाव लिहिलं. मग तिनं आम्हा दोघींना बसवून पुस्तकात नसलेल्या गोष्टी सांगितल्या.

तिच्या गावाजवळच्या एका शहरात काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला तेव्हा ती शाळेत होती. वर्षाहून जास्त काळ लोक चालत कामाला गेले. तिची मावशी त्या शहरात एका गोऱ्या घरी स्वयंपाकीण होती. "लोकांना वाटतं, एक बाई बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि दुसऱ्या दिवशी क्रांती झाली," ओडेसा म्हणाली. "बायका कित्येक वर्षं तयारीत होत्या. शाळेतल्या बाईंनी रात्रीत हजारो पत्रकं छापली. स्वयंपाकिणींनी केक भाजून विकले आणि त्यातून गाड्यांचं पेट्रोल भरलं. कोण कुठं राहते, कोणाकडे गाडी आहे, कोणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, याच्या याद्या केल्या."

"आणि पुरुष?" झुबेदानं विचारलं.

"पुरुषांनी भाषणं केली. फार सुंदर भाषणं. आम्ही खुर्च्या मांडल्या, भाषणं टाइप केली आणि नंतर खुर्च्या उचलल्या. मग काही वर्षांनी आम्हाला कळलं, की आता खुर्च्यांबद्दलही भांडावं लागणार."

मी विचारलं, "त्या याद्या आता कुठल्या संग्रहात आहेत?"

ओडेसानं झुबेदाकडे पाहिलं. "ही अशी नेहमीच होती का?"

"लग्नाआधीचं ठाऊक नाही," झुबेदा म्हणाली.

ओडेसा स्वतः शाळेत ग्रंथपाल होती तेव्हा, साठच्या दशकात, पोट दिसायला लागताच तिला घरी पाठवलं होतं. तिकडेही तेव्हा तोच नियम. तो बदलायला तिला आणि तिच्यासारख्यांना दहा वर्षं लागली. तो बदलला तेव्हा तिची मुलगी चौथीत होती. ती मुलगी पुढं फार जगली नाही. ते ओडेसानं मला एकदाच सांगितलं, म्हणून मीही एकदाच लिहिते.

आता करायचं काय? ओडेसाचं पहिलं म्हणणं, सगळ्या बायकांनी एक दिवस कामावर येऊ नये. आम्ही दोघी हसलो. आमचे पासपोर्ट मॅनेजरांच्या तिजोरीत होते. एक दिवस आलो नाही, तर दुसऱ्या दिवशी विमानात. अमेरिकन माणसाला पासपोर्ट स्वतःच्या कपाटात असण्याची सवय असते; त्याच्या धैर्यातला बराचसा भाग त्या कपाटात असतो. हे मी तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "हे खरं आहे. पुढचं बोल."

मग अर्ज करायचं ठरलं. अर्जाखाली सह्या. स्थानिक करारावरच्या आम्ही चोवीस बायका. मी मसुदा लिहिला. झुबेदा म्हणाली, दुसऱ्या परिच्छेदात तिला झोप लागली. पण अडचण मसुद्याची नव्हती. पहिली सही कोण करणार? टायपिस्ट लिटा फिलिपिन्सची, बोलायला धीट. ती म्हणाली, "इंडियन लेडीज आधी. त्यांच्यानंतर लगेच मी." हिशेबखात्यातल्या मल्याळी बायका म्हणाल्या, फिलिपिनो मुलींनी केली की आम्ही करू. सफाईचं काम करणारी श्रीलंकेची कुसुमा म्हणाली, सगळ्यांची झाली की माझी. तेवीस जणींना दुसरी सही करायची होती. झुबेदा पहिली करायला तयार होती, पण तिनं सही केली की तिचंच पोट निदर्शनास आलं असतं.

आठवडाभर तो कागद कोरा फिरला. आणि मग मला सुचलं. याचा मला अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

सही मागायचीच नाही. पुस्तक न्यायला सांगायचं. ओडेसाचं ते जाड पुस्तक एक दिवसासाठी न्या, दुसऱ्या दिवशी परत करा. पुस्तक नेताना कार्डावर सही करावीच लागते. तो ग्रंथालयाचा नियम, त्यात कोणाचं काय बिघडतं? जी नेईल ती आपल्यात. सगळ्यांच्या सह्या एका कार्डावर आल्या की ओडेसा ते कार्ड आणि अर्ज घेऊन मुख्य कचेरीच्या लोकांना भेटणार होती. ते मे महिन्यात तपासणीला यायचे होते.

ओडेसा म्हणाली, "हे माझ्या मावशीला आवडलं असतं."

पहिली सही लिटाची. पुस्तक न्यायला तिला कसलीच भीती नव्हती. मग रोज एक. पुस्तक हूऱ्याला जायचं, झिंजला जायचं, कंपनीच्या व्हॅनमधून परत यायचं. कुसुमाला इंग्रजी वाचता येत नव्हतं; तिनं सिंहली लिपीत गोल गोल सही केली आणि पुस्तक कापडात गुंडाळून नेलं. झुबेदानं सोळाव्या नंबरवर सही केली, गर्दीत. मार्चअखेर कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या. तेवीस सह्या.

आम्ही चोवीस होतो. चोविसावी मी. माझी सही नव्हती. ग्रंथपालाला पुस्तक वाचायला न्यावं लागत नाही, ते त्याच्याच ताब्यात असतं, मग कार्डावर सही कशाला? हे कारण मी ओडेसाला दिलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. घरी माझा नवरा श्रीकांत म्हणाला होता, "तू पुस्तकं सांभाळ. माणसं सांभाळायला तुला कोणी ठेवलेलं नाही." मी त्याच्यावर चिडले होते, आणि त्याचं ऐकलं होतं.

आता तो शनिवार.

दर तिमाहीला ग्रंथालयाचा अहवाल जायचा. त्या वर्षी मुख्य कचेरीनं नवा फॉर्म पाठवला होता. ग्रंथालय चालू ठेवावं की नाही हे त्यावरून ठरणार होतं. त्यात एक रकाना: सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक, किती वेळा, कोणत्या खात्यांतून. पंपांची पुस्तकं तीन महिन्यांत दोनदा गेली होती. आणि हे एक पुस्तक तेवीस वेळा, पाच खात्यांतून! मी तो आकडा लिहिला. आकडा खरा होता. खरा आकडा लपवायला मला कोणी शिकवलं नव्हतं. एवढ्यावर थांबते तरी बरं होतं. पण आकड्याला पुरावा असावा अशी आमची शिकवण, म्हणून मी कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून जोडली. ओडेसा त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. खरं सांगते, ते कार्ड म्हणजे काय हे मला त्या क्षणी आठवलंच नाही. मला फक्त इतकं सुंदर भरलेलं कार्ड दिसत होतं.

मॅनेजर हॅरिसन पन्नाशीचा, बोलायला मऊ. बाईमाणूस आत असलं की खोलीचं दार उघडं ठेवायची त्याची पद्धत होती. समोर झेरॉक्स.

"मिसेस बर्वे, आपली सफाईवाली बाई अमेरिकन इतिहास वाचते?"

माझ्या तोंडून निघालं, "पुस्तकात चित्रं आहेत, सर."

"टायपिस्ट वाचतात. हिशेबनीस वाचतात. ऑपरेटर वाचते. रोज एक. रांगेनं." त्यानं चष्मा काढला. "हे पुस्तक काय आहे ते मला माहीत आहे. माझ्या बहिणीकडे आहे. यादीत तुमचं एकटीचं नाव नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. हे काय चाललंय?"

मी गप्प बसले. हे धैर्य नव्हतं, सवय होती. मी एरवीही गप्पच बसते.

"हा अहवाल इथंच राहील," तो म्हणाला. "मुख्य कचेरीला दुसरा करून द्या. पुस्तकाशिवाय."

"दुसरी प्रत गेली, सर."

"कुठं?"

"मुख्य कचेरीला. नऊ वाजता. कुरिअरनं. दोन प्रती काढायच्या असं फॉर्मवर लिहिलंय."

बाहेर झुबेदाच्या हेडफोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. ती उत्तर देत नव्हती.

हॅरिसननं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "ठीक आहे. वाचक आहेत ना? मी प्रत्येकीला बोलावतो आणि विचारतो, पुस्तकात काय आहे. जिला सांगता येणार नाही तिनं पुस्तक का नेलं, ते मग तिनं सांगायचं. सोमवारपासून."

दुपारी ओडेसा आली, अर्धा जबडा बधिर. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिनं गालाला हात लावून ऐकलं आणि तिरक्या तोंडानं म्हणाली, "तू झेरॉक्स जोडलीस."

"हो."

"दोन्ही बाजू?"

"हो."

ती हसायला लागली. बधिर तोंडानं हसणारं माणूस भयंकर दिसतं. "आम्ही त्या काळी पत्रकं जाळून टाकायचो," ती म्हणाली, "आणि तू दोन प्रतींत पाठवतेस."

तिकडे सुट्टी शुक्रवारची; रविवारी आणि सोमवारी सकाळी व्हॅनमध्ये शाळा भरली. ओडेसा मायदेशी करारावरची, तिला कंपनीची गाडी. पण ती आमच्या व्हॅनमध्ये येऊन बसली. ती इंग्रजीत सांगायची, मी हिंदीत, लिटा तिच्या भाषेत. कोण चालत गेलं, पत्रकं कोणी छापली, केक कोणी विकले. अब्बास मुद्दाम हळू चालवत होता. मागून हॉर्न वाजले की खिडकीतून हात काढून म्हणायचा, "यल्ला, जा पुढं! इथं क्लास चाललाय."

सोमवारी हॅरिसननं बोलवायला सुरुवात केली. दार उघडं, आणि दाराबाहेर झुबेदा. तिनं ग्रंथालयाची लाइन उघडी ठेवली आणि हळू आवाजात आम्हाला समालोचन ऐकवलं.

"लिटा गेली... बोलतेय... अजून बोलतेय... साहेबांनी हात वर केला, ती थांबत नाही... आता म्हणतेय, आणखी एक, सर, कलम चौदा."

हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. लिटानं ते आपलं आपण शेवटी जोडलं, आणि ती बाहेर आली तेव्हा पुढच्या मुलीला सांगून गेली. मग प्रत्येकीनं तसंच केलं. इतिहास सांगायचा आणि शेवटी, 'सर, कलम चौदा'. ज्या खोलीत जायचं एकीलाही धाडस नव्हतं, तिथं तो आता एकेकीला स्वतः बोलावत होता. पहिली कोण हा प्रश्नच उरला नाही. क्रम त्यानंच लावला होता.

कुसुमाची पाळी मंगळवारी. तिचं इंग्रजी अर्धं अरबी; 'मफी' म्हणजे नाही. झुबेदाच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "कुसुमा उभीच आहे, बसत नाही. सांगतेय, 'बस मफी, सर. ऑल लेडी वॉक. वन इयर वॉक. बस खाली, बस-बॉस क्राय. खलास.' साहेब विचारतायत, आणखी काय? म्हणते, 'सर, फोर्टीन नो गुड.'"

शेवटी झुबेदा. ती उठली तेव्हा बोर्डावर कोणी नव्हतं. दहा मिनिटं कंपनीला बाहेरून एकही फोन लागला नाही, आणि आम्हालाही काही कळलं नाही. ती परत आली ती थेट ग्रंथालयात.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, पुस्तक जाड आहे, दीडशे पानं झालीत. बाकीची वाचायला मला नोकरी लागेल. आणि ओढणी बाजूला केली. पाचवा आहे, काय लपवायचं? म्हटलं, बघा आणि काय ते ठरवा."

"मग?"

"तो मेला खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणाला, मिसेस झुबेदा, माझ्या निदर्शनास काहीही आलेलं नाही. तुम्ही बोर्डावर जा, फोन वाजतोय." आणि मग ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली. मासिकांचे दोन अंक भिजले. ते मी बाद केले.

हॅरिसनला काय झालं, मला अजून ठरवता आलेलं नाही. तेवीस वेळा एकच वाक्य ऐकून कंटाळला, की बहिणीच्या कपाटातलं पुस्तक आठवलं, की मुख्य कचेरीत गेलेल्या प्रतीची भीती वाटली? तिकडून फॅक्स आला होता, एवढं झुबेदानं सांगितलं. तेवीस महिला हे पुस्तक का वाचत आहेत, असा. त्याला वाईट म्हणायला मला जड जातं, आणि चांगलं म्हणायचीही इच्छा होत नाही. ऑगस्टमध्ये झुबेदाला तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली, 'अपवाद म्हणून'. पुढच्या वर्षीचे नवे करार टाइप होऊन आले तेव्हा कलम तेरानंतर जे कलम चौदा आलं, ते गणवेशाबद्दल होतं. कोणी काही जाहीर केलं नाही.

किंमत मात्र कोणीतरी द्यायचीच होती. हॅरिसननं देणगीचं रजिस्टर मागवून घेतलं होतं. त्यात माझ्या अक्षरात ओडेसाचं नाव. तिचा करार जूनअखेर संपत होता. तो वाढवला गेला नाही. कारण खर्चकपात. ज्या बाईकडे स्वतःचा पासपोर्ट होता, जिला काहीच होणार नाही असं मी गृहीत धरलं होतं, तिलाच जावं लागलं.

शेवटच्या दिवशी ती खोकी बांधत होती. मी तिच्यासमोर ते कार्ड ठेवलं. त्यावर जागा नव्हती, म्हणून मी समासात आडवी सही केली. तारीख घातली. मागची तारीख घालता आली असती. हात वळला नाही. जूनमधली खरी तारीख घातली. सगळं निभावून गेल्यावर मी सही केली, हे कोणालाही त्या कार्डावर वाचता येईल.

ओडेसानं चष्मा लावून पाहिलं. "उशीर झाला तुला," ती म्हणाली. "पण कर्मचाऱ्यांना दंड नसतो."

मी माफी मागायला लागले. झेरॉक्स, रजिस्टर, सगळं. तिनं चिकटपट्टी माझ्या हातात दिली. "धर हे. बोलताना हात रिकामे ठेवू नकोस." मग म्हणाली, "व्हाय-जाया, मी इथं दोन वर्षं वरच्या मजल्यावर राहत होते आणि खाली कोण राहतं ते विचारलं नव्हतं. माझाही उशीरच झालाय. आता ते खोकं नीट बांध, पुस्तकं सांडतील."

त्यानंतर आणखी चार वर्षं मी त्या नोकरीत होते. पुस्तकं लावली, कार्डं भरली, तिमाही अहवाल पाठवले. पुरावा जोडण्याची सवय सुटली नाही.

अदलियातल्या त्या व्हिल्यात आता एक उपाहारगृह आहे, असं कळतं. झुबेदा त्या बोर्डावर आणखी अकरा वर्षं बसली. सलीम, ती आणि दोन मुली हूऱ्यातल्या त्याच खोलीत राहिली. ओडेसाची एकोणीस पत्रं माझ्याकडे आहेत. ती मी अजून तारखेप्रमाणे लावलेली नाहीत.